माजी सैनिकांच्या शिक्षण-सवलती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून सैन्यात भरती झालेला तरुण पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून नाईक किंवा हवालदार या हुद्द्यावरून परततो, तेव्हा त्याची मुले शिक्षणाच्या नेमक्या त्या टप्प्यावर येऊ लागलेली असतात, जेथे लातूरच्या शिकवण्या, वसतिगृह आणि पुढील महाविद्यालय यांचा खर्च निवृत्तिवेतनाला पेलवेनासा होतो. अशा कुटुंबांसाठी सरकारने तरतुदी केलेल्या आहेत. परंतु या सर्व तरतुदी म्हणजे एकच सरसकट सवलत होय, अशी समजूत रूढ असल्यामुळे पात्र माणूस अर्ज करीत नाही आणि अपात्र माणूस व्यर्थ हेलपाटे घालतो. प्रत्येक योजनेचा हेतू निराळा आहे आणि त्या हेतूवरूनच तिची पात्रता ठरते, हे ध्यानात घेतले की पुष्कळसा घोळ मिटतो.

गैरसमज : गणवेशातून निवृत्त झालेला प्रत्येक जवान हा माजी सैनिकच.

वस्तुस्थिती : मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे या भागात हा समज विशेष दृढ आहे. वास्तविक ही दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्यांच्या पाल्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती त्याच मंत्रालयामार्फत मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दरवाजा भूदल, नौदल आणि वायुदल यांतील माजी सैनिकांसाठी आहे. २०२२ साली घोषित झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी मुक्त होणाऱ्या अग्निवीरालाही माजी सैनिकाचा दर्जा नाही; त्याला सेवानिधी मिळतो, आणि दहावी उत्तीर्ण असल्यास बारावीचे समकक्ष प्रमाणपत्र मिळविण्याची सोय आहे.

गैरसमज : पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकाच्या मुलांना आपोआप मिळते.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय संरक्षण निधीतून दिली जाणारी ही शिष्यवृत्ती गुणवत्तेवर आधारलेली असून संपूर्ण देशात वर्षाला ५,५०० जागा, निम्म्या मुलांना व निम्म्या मुलींना, अशी तिची मर्यादा आहे. प्रवेशपात्रतेच्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत, आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, बी.एड. यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झालेला असावा लागतो, बी.ए. किंवा बी.एस्सी. यांसारख्या सामान्य पदव्या तीत बसत नाहीत, आणि बारावीच्या शिकवणीचे शुल्कही बसत नाही. २०१९ च्या निर्णयानुसार मुलाला दरमहा २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. मात्र पुढील प्रत्येक वर्षी ५० टक्के गुण राखले नाहीत, तर नूतनीकरण होत नाही.

गैरसमज : गुण कमी पडले म्हणजे सरकारी मदतीचा मार्गच खुंटला.

वस्तुस्थिती : हाच समज सर्वांत अधिक हानिकारक आहे, कारण ज्यांना मदतीची निकड आहे तेच त्यामुळे मागे राहतात. ध्वजदिन निधीतून चालणाऱ्या संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीचे शिक्षण-अनुदान हवालदार किंवा तत्सम हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन अपत्यांना पहिलीपासून पदवीपर्यंत मिळते, आणि ६० टक्क्यांची अट त्याला नाही. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सैनिक-विधवेलाही ते लागू आहे. पूर्वी प्रत्येकी दरमहा १,००० रुपये असलेली ही रक्कम १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी २,००० रुपये झाली आहे.

गैरसमज : केंद्रीय कोट्यातून वैद्यकीय जागा सहज मिळते.

वस्तुस्थिती : केंद्रीय सैनिक मंडळामार्फत भरल्या जाणाऱ्या या मोजक्या जागांसाठी नीट परीक्षेची पात्रता हवीच, शिवाय रणांगणावर धारातीर्थी पडलेल्यांच्या कुटुंबीयांना प्रथम स्थान असून सामान्य माजी सैनिकाच्या पाल्याचा क्रम सहावा लागतो, आणि तो न्याय्यच आहे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत संरक्षण दलांच्या पाल्यांसाठी असलेल्या जागांचा मार्ग याहून निराळा आहे, तेथे तशी नोंद करणे मात्र विसरता कामा नये.

गैरसमज : पंधरा वर्षांच्या नोकरीचे प्रमाणपत्र म्हणजे पदवीच.

वस्तुस्थिती : अमेरिकेने १९४४ साली कायदा करून युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या स्वतःच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा भार उचलला, आपल्याकडील बहुतेक तरतुदी मात्र पाल्यांसाठी आहेत. पंधरा वर्षांची सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकास मिळणारे पदवी-समकक्षतेचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या ‘गट क’मधील राखीव जागांवर नोकरी मिळविण्यासाठी उपयोगी पडते, त्याच्या आधारे एम.ए.चा प्रवेश मागता येत नाही. ज्याला खरोखर शिकायचे आहे, त्याला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे द्वार खुले आहे.

या सर्व योजनांत हक्क बुडतो तो बहुधा कागदोपत्री उणिवेमुळे : डिस्चार्ज बुकात मुलाचे नाव चढलेले नसते, आधार व दाखला यांतील नावे जुळत नाहीत, किंवा मुदत टळून जाते. म्हणून निवृत्तीनंतर विनाविलंब जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र घ्यावे, दुरुस्त्या निकालाची वाट न पाहता करून घ्याव्यात, आणि गावातील मुख्याध्यापकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती विशेषतः सैनिक-विधवांपर्यंत आपण होऊन पोहोचवावी. कारण देशाने दिलेले वचन अर्जाच्या अभावी अपुरे राहणे हे त्या कुटुंबाइतकेच समाजाचेही नुकसान आहे.