बर्फावरील मोटार

आमच्या नांदेड-लातूरकडील मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो सरबताच्या गाडीवर, किंवा गारपिटीच्या दिवशी अंगणात. तथापि सन २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलच्या बर्फाळ प्रदेशात साधी घरची मोटारही जाऊन पोहोचते, आणि आमच्याकडील कुटुंबेही तिकडे सहलीस जाऊ लागली आहेत. बर्फावर मोटार कशी चालवावी, असे आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले. त्याचे उत्तर येथे देत आहो.

ज्याने आषाढात काळ्या रानातील गाडीवाट पाहिली आहे, त्यास निम्मे उत्तर ठाऊकच आहे. चाक गरगर फिरते, पण गाडी जागची हलत नाही. इंजिनाचे बळ तेच असते. सुटलेली असते ती पकड. मोटार पळते, वळते व थांबते ती चाक आणि रस्ता यांमधील घर्षणाच्या आधारावर. तो आधार चिखलात जातो, तसाच बर्फावरही जातो. आणि वितळू लागून वर पाण्याचा पातळ थर आलेला बर्फ तर सर्वांत निसरडा. कोरड्या डांबरी सडकेवर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यावर सुमारे ९ मीटरांत उभी राहते; गुळगुळीत बर्फावर तीस ६० मीटरही पुरत नाहीत. मात्र वेग निम्मा केला की हे अंतर चौथाईवर येते.

सारे नियम या हिशेबातून निघतात. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच निघावे. वळणापूर्वीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. उतार लागण्याआधी खालचा गिअर घालावा. पुढील गाडीपासून भरपूर अंतर ठेवावे. मोटार घसरलीच, तर घाबरून ब्रेक न दाबता पाय हळूच उचलावा, व जिकडे जावयाचे तिकडे दृष्टी ठेवून चक्र हळुवार फिरवावे. साखळ्या बांधावयाच्या त्या इंजिन ज्या चाकांस फिरविते त्यांना. लहान मोटारींत ती बहुधा पुढची असतात. चारही चाके ओढणारी मोटार निघते लवकर, पण थांबण्यास तिलाही तेवढेच अंतर लागते, हे पुष्कळजण विसरतात.

चाक रुतल्यास इंजिनाचा जोर वाढवू नये. त्याने खड्डा अधिकच खोल होतो. आमचे शेतकरी चिखलात चाकाखाली तुराट्या किंवा मुरूम घालतात. बर्फात वाळू अथवा मोटारीतील पायपुसणेही तेच काम करते.

सर्वांत मोठे भय मात्र घसरण्याचे नव्हे. सन २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी येथे बर्फात मोटारी अडकून वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलेही होती. अडकलेल्या मोटारीत उबेसाठी इंजिन चालू ठेवले आणि धुराची नळी बर्फाने बुजली, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू आत भरतो. त्यास रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून प्रथम नळीभोवतीचा बर्फ काढावा, मधून मधूनच थोडा वेळ इंजिन चालवावे व खिडकी किंचित उघडी ठेवावी. पाणी, खाद्य व घोंगड्या जवळ असाव्यात.

आमच्याकडे पुलावरून पाणी वाहत असता जाणता गाडीवान अलीकडेच बैल सोडतो. त्यास कोणी भित्रा म्हणत नाही. बर्फ दाटून येताना मोटार माघारी वळवणाऱ्या वडिलांसही मुलांनी तसे म्हणू नये.