नौकेची इंधनटाकी : गळतीचे मूळ आणि देखभाल

भारताच्या किनाऱ्यावरील यंत्रचलित मासेमारी नौका प्रामुख्याने डिझेलवर चालतात. अशा नौकेची पोलादी टाकी गळू लागल्यास केवळ इंधन वाया जात नाही. तळाशी साचलेल्या पाण्याबरोबर ते समुद्रात जाऊन प्रदूषण होते आणि तापलेल्या इंजिनाजवळ आगीचा धोका संभवतो. म्हणूनच गळतीचे शास्त्रीय कारण समजून घेणे आवश्यक ठरते.

या गळतीचे मूळ बहुधा पाण्यात असते. अर्धवट भरलेल्या टाकीत हवानळीवाटे दमट हवा शिरते. रात्री टाकीचा पत्रा थंड झाला की त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. झाकण सैल असल्यास खारे पाणीही आत येते. डिझेलची सापेक्ष घनता सुमारे ०.८३ असल्याने पाणी तळाशी बसते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात व आम्ले निर्माण करतात. परिणामी तळाचा पत्रा आणि सांधे आतून झिजतात. बाहेरून, टाकीखालच्या ओल्या लाकडामुळेही गंज चढतो.

अशा वेळी बाहेरून लावलेला लेप तात्पुरता ठरतो. तेलकट पृष्ठभागावर तो नीट चिकटत नाही आणि आतील झीज चालूच राहते. टाकी रिकामी करून तेलाचा अंश व गंज काढणे, ती पूर्ण वाळवणे आणि त्यानंतर इंधनाला टिकणारा इपॉक्सी लेप देणे, हा योग्य क्रम होय. पत्रा पातळ झाला असल्यास मात्र टाकी बदलणेच हिताचे. जस्ताचा मुलामा आतून देऊ नये. डिझेलशी जस्ताची प्रक्रिया होऊन तयार होणारे पदार्थ फिल्टर तुंबवतात.

रिकामी टाकी निर्धोक असते, हा समज घातक आहे. तिच्यातील इंधनाची वाफ हवेशी मिसळून स्फोटक बनू शकते. त्यामुळे टाकी धुऊन, वायुमुक्त करून व उपकरणाने तपासल्याखेरीज वेल्डिंग करू नये.

केंद्र सरकारची मासेमारीबंदी पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, अशी प्रत्येकी ६१ दिवसांची असते. नौका किनाऱ्यावर असताना टाकीची तपासणी सोयीची ठरते. एरवी तळाचे पाणी नियमितपणे काढणे, फिल्टर बदलणे आणि झाकणाचे रबर तपासणे, एवढ्या अल्पखर्ची दक्षतेनेही टाकीचे आयुष्य वाढते व खलाशांची सुरक्षितता जपली जाते.