दिव्यांगांचे हक्क : कायद्याच्या पुस्तकातून गावाच्या नोंदवहीपर्यंत
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. या कालव्याच्या भरवशावर ज्यांनी शेती केली, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. धरण भरले, कालव्याला पाणी सुटले, म्हणजे शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याचे शेत भिजलेच असे होत नाही. वाटेत चाऱ्या फुटलेल्या असतात, दारे नादुरुस्त असतात, पाळीपत्रकात नावच नसते. म्हणून पाटबंधाऱ्याचे यश धरणाच्या पातळीवरून न ठरवता ‘टेल’ला पाणी किती पोहोचले यावरून ठरवावे लागते.

लोककल्याणकारी कायद्यांचेही तसेच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या बाबतीत गेल्या तीन दशकांत देशाने व राज्याने केलेले कायदे व योजना पाहता धरणात पाणी पुरेसे आहे असे म्हणता येईल. प्रश्न आहे तो वस्तीवरच्या शेवटच्या घराचा. या घरापर्यंतची वाट ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि तहसील कार्यालय यांच्या हातून जाते. तेव्हा या वाटेवरील टप्प्यांचा थोडक्यात परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

दयेकडून हक्काकडे

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. त्या काळी हा विषय मुख्यत्वे दानशूर व्यक्ती व सेवाभावी संस्था यांच्या कक्षेतील मानला जाई. १९९५ च्या अधिनियमाने त्याला प्रथमच व्यापक कायदेशीर अधिष्ठान दिले. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार संमत केला व भारताने २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. त्यास अनुसरून करण्यात आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे.

पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. आता ते २१ आहेत. अस्थिव्यंग, अंधत्व, कर्णबधिरता यांखेरीज स्वमग्नता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता, कंपवात, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचाही त्यात समावेश आहे. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग स्थापन केला.

या सर्वांचा मथितार्थ एकच. दिव्यांग व्यक्तीला होणारी अडचण केवळ तिच्या शरीरात नसते. ती पायऱ्यांत, कार्यालयाच्या रिवाजात आणि लोकांच्या दृष्टीतही असते. शरीरातील उणीव दूर करणे नेहमीच शक्य नसते, परंतु पायरीची उणीव दूर करणे ग्रामपंचायतीच्या हाती निश्चितच असते.

पहिले काम : गणना

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. हे प्रमाण लोकसंख्येच्या २.६ टक्क्यांहून थोडे अधिक भरते. ती गणना जुन्या व मर्यादित प्रकारांवर आधारलेली होती, ही गोष्टही लक्षात घ्यावयास हवी.

या प्रमाणाचा गावपातळीवर एक साधा उपयोग करता येतो. चार हजार वस्तीच्या गावात ढोबळ मानाने शंभरावर दिव्यांग व्यक्ती असाव्यात. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत वीसच नावे असतील, तर बाकीच्यांचे काय झाले, हा प्रश्न सरपंच व ग्रामसेवक यांनी स्वतःस विचारला पाहिजे. प्रत्येक गावात प्रमाण तंतोतंत तेच असेल असे नाही; पण एवढी मोठी तफावत बहुधा नोंद अपुरी असल्याचेच लक्षण होय.

नोंदीबाहेर कोण राहते? कुबडी वा काठी दिसते त्या माणसाचे नाव सहसा सुटत नाही. सुटतात ती न दिसणारी माणसे. बोलावयास उशीर झालेले मूल, मानसिक आजारामुळे घरातच ठेवलेली तरुण स्त्री, ऐकू येत नसल्यामुळे ‘हट्टी’ ठरलेली मुलगी, आणि लग्नकार्यात अडथळा येईल या भीतीने घरच्यांनीच लपविलेला भाऊ. बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत लोकवस्ती गावठाणात एकवटलेली नाही. उसाच्या रानात, कालव्याच्या कडेने वाड्यावस्त्या पसरलेल्या आहेत. गावठाणात बसून केलेली यादी त्यामुळे अपुरीच राहते. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी मिळून वस्तीवार, घरोघर जाऊन यादी करणे हाच यावर उपाय आहे.

प्रमाणपत्र : सर्व लाभांची किल्ली

अधिनियमाचे बहुतेक विशेष लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना मिळतात व त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ या संगणकीय प्रणालीद्वारेच देण्यात येते व त्याबरोबर वैश्विक ओळखपत्र मिळते. ते देशभर ग्राह्य असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील मासिक साहाय्य, एस.टी. प्रवासभाड्यातील सवलत, शिष्यवृत्ती, परीक्षेतील वाढीव वेळ व लेखनिक, साधनांचे वाटप या सर्वांचा आधार हाच कागद असतो. निराधार योजनेतील अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले व दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेण्यात आला. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही, त्याच्या दृष्टीने ही वाढ झाली काय आणि न झाली काय, सारखेच.

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूर त्याहूनही दूर. ज्याला घरातून अंगणात यावयास दोघांचा आधार लागतो, त्याची पुण्याची एक फेरी म्हणजे गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि ‘आज डॉक्टर नाहीत’ असे ऐकावे लागण्याची धास्ती. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने अस्थिरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा, मनोविकार या शाखांचे तज्ज्ञ परिसराच्या जवळ आले आहेत. ही मोठीच सोय होय. तथापि तिचा लाभ मिळण्यासाठी गावाने काही पूर्वतयारी करावयास हवी. संगणकीय अर्ज ग्रामपंचायतीतच भरून घ्यावेत. कोणत्या दिवशी कोणत्या प्रकारची तपासणी होते, हे रुग्णालयाकडे आधी विचारून ठेवावे. गावातील पाचसहा जणांना एकाच दिवशी एका वाहनाने न्यावे. खर्च थोडा, पण खेटे पुष्कळ वाचतात.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली आणखी दोन तरतुदी आहेत. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. तसेच जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती अशा प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ या आईबापांच्या चिंतेला कायद्याने दिलेले हे उत्तर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मूल वेळेवर सापडले पाहिजे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता, आजार व विकासातील विलंब शोधण्यासाठी वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत जातात. कर्णबधिरतेचे निदान पहिल्या वर्षातच झाले तर भाषेची वाढ पुष्कळ अंशी साधता येते. तेच निदान सहाव्या वर्षी झाले तर गेलेला काळ भरून काढणे फार कठीण जाते.

६ ते १८ वयोगटातील लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून मुलास परत पाठविणे हे कायद्यास धरून नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन वर्गशिक्षकास घेता येते, आणि जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याच्यासाठी गृहाधारित शिक्षणाची व्यवस्था आहे.

या परिसरात एका गटाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. त्यांचे मूल मूळ गावच्या पटावर असते, पण तेथे पथक येते तेव्हा ते कोपीवर असते. आणि येथे पथक येते तेव्हा येथील पटावर त्याचे नाव नसते. असे मूल दोन्हींकडून निसटते. हंगामात किमान एकदा पथकाने कोपीवर जावे आणि स्थलांतरित मुलांसाठी असलेल्या शिक्षण हमी कार्डावर त्याच्या तपासणीचीही नोंद व्हावी, एवढी दक्षता स्थानिक यंत्रणेस घेता येण्यासारखी आहे.

उंबरठ्याचे गणित

पुष्कळ ग्रामपंचायतींपुढे उतारमार्ग बांधलेला असतो, मात्र तो वापरता येत नाही. याचे कारण साध्या गणितात आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची पंचेचाळीस सेंटिमीटर होते व उताराची लांबी पाच मीटर चाळीस सेंटिमीटर असावी लागते. जागा वाचविण्यासाठी तो दोन मीटरांत उरकला तर खुर्ची वर चढत नाही आणि उतरताना उलटते. दोन्ही बाजूंस कठडा, वर सपाट जागा, खडबडीत पृष्ठभाग व सुमारे नव्वद सेंटिमीटर रुंदीचे दार एवढे पाहिले म्हणजे काम पुरे होते. अंदाजपत्रक मंजूर करतानाच हे तपासावे. बांधून झाल्यावर तोडणे महाग पडते. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नसून बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे.

पाच टक्क्यांचा विनियोग

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. दहा लाख रुपये स्वउत्पन्न असलेल्या ग्रामपंचायतीत ही रक्कम पन्नास हजार होते. कित्येक ठिकाणी ती वर्षाअखेरीस सर्वांना सारखी वाटली जाते. असे वाटप सोपे व वादरहित असते. परंतु हजार-पाचशे रुपयांनी कोणाचीच अडचण कायमची सुटत नाही. दिव्यांग व्यक्तींची बैठक बोलावून, कोणाची गरज अधिक निकडीची आहे हे त्यांच्याच मुखातून समजून घेऊन, काही भाग वैयक्तिक साधनांवर व काही भाग सार्वजनिक सोयींवर खर्च केल्यास त्याच रकमेचे मोल वाढते.

श्रवणयंत्र, तीनचाकी, कॅलिपर ही साधने केंद्राच्या १९८१ पासूनच्या साधन साहाय्य योजनेतूनही मिळतात. बारामती लोकसभा मतदारसंघात त्यासाठी तपासणी शिबिरे झालेली आहेत. तपासणी व प्रत्यक्ष साधन हाती पडणे यांत काळ जातो, म्हणून शिबिरात मोजमाप झालेल्यांची यादी ग्रामपंचायतीने जपून ठेवावी व तिचा पाठपुरावा करावा. साधन मिळाल्यावरही त्याच्या दुरुस्तीची व्यवस्था लागते. श्रवणयंत्राची बॅटरी संपली म्हणून ते पेटीत पडून राहणे हा अपव्ययच होय.

सभेत जागा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करण्याची सोय होती. बारामती मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. मतपेटी घरी जाऊ शकते, तर ग्रामसभेची सूचना घरी जाण्यास काहीच अडचण नसावी. सभा तळमजल्यावर भरवावी, बहिऱ्या व्यक्तींसाठी विषयपत्रिका लेखी द्यावी, अंध व्यक्तीस ती वाचून दाखवावी. यास निधीची नव्हे, आठवणीची गरज आहे.

पाण्याची पाळी सुटली की जाणता पाटकरी आधी टेलकडे चक्कर मारतो. तेथे शेत भिजले तर वरचे सर्व दरवाजे ठीक आहेत हे त्यास कळते. पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी गावाच्या सर्वांत दूरच्या वस्तीवरील, नोंदवहीत नसलेल्या एका व्यक्तीपासून आरंभ करावा. तिचे नाव लिहिले गेले, तिला प्रमाणपत्र मिळाले आणि ती ग्रामसभेत येऊन बोलली, म्हणजे कायदा त्या गावी पोहोचला असे खुशाल समजावे.