कुत्र्याच्या हृदयाची अतिजलद गती

मेंढरांचा वाडा, गोठा अथवा खळे राखणारा कुत्रा धावता धावता एकाएकी कोलमडतो, क्षणभर निपचित पडतो आणि लगेच काही घडलेच नाही अशा रीतीने उठून चालू लागतो. असा प्रकार दिसला की त्यास फेफरे आले, असा समज होतो. पुष्कळदा तो खरा असतो; परंतु काही वेळा दोष मेंदूत नसून हृदयाच्या गतीत असतो. फेफरे बहुधा कुत्रा स्वस्थ असताना येते; पाय झटकले जातात, तोंडास फेस येतो व नंतर बराच वेळ जनावर भांबावलेले राहते. हृदयामुळे येणारी मूर्च्छा बहुधा श्रमाच्या वा उत्तेजनाच्या वेळी येते, अंग सैल पडते आणि शुद्ध लवकर येते. ही ओळख पक्की करण्यासाठी नाडी मोजता आली पाहिजे.

कुत्र्याची नाडी मागील मांडीच्या आतील बाजूस, जांघेजवळ लागते. कुत्र्यास सावलीत स्वस्थ बसू द्यावे व शक्यतो धन्यानेच हात लावावा. परक्या हाताच्या भीतीनेही ठोके वाढतात. १५ सेकंदांतील ठोके मोजून त्यांस ४ ने गुणावे. विश्रांतीच्या वेळी मोठ्या कुत्र्याचे मिनिटास साधारणतः ६० ते १००, तर लहान चणीच्या कुत्र्याचे १०० ते १४० ठोके पडतात. पिल्लांत ते २०० पर्यंतही जातात. श्वास घेताना गती वाढणे व सोडताना मंदावणे हे निरोगी कुत्र्यात स्वाभाविक आहे. त्याची धास्ती घेऊ नये.

धावणे, भय, वेदना, ताप किंवा उन्हाचा तडाखा यांमुळेही ठोके वाढतात. येथे हृदय आपले कामच करीत असते. कारण दूर होताच गती उतरते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात तांबड्या पेशी नष्ट होऊन रक्त पातळ पडते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय वेगाने धावते. हिरड्या फिकट व लघवी गडद तांबूस दिसल्यास दोष हृदयाचा न मानता रक्ततपासणी करून घ्यावी. शिळ्या अन्नातून पोटात गेलेला पुष्कळ कांदाही याच रीतीने रक्तपेशींचा नाश करतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

खरा धोका हृदयाची स्वतःची लय बिघडते तेव्हा असतो. ठोक्याचा विद्युत-संदेश निरोगी हृदयात वरच्या उजव्या कप्प्यातून निघतो. तो भलत्याच ठिकाणाहून व भराभर निघू लागला, की मिनिटास २०० वा अधिक ठोके पडतात. दोन ठोक्यांमधील अवधी इतका अल्प होतो की कप्पे रक्ताने भरतच नाहीत. पंप वेगाने चालावा पण विहिरीत पाणीच नसावे, तसा हा प्रकार होय. मेंदूस रक्त कमी पडून मूर्च्छा येते, क्वचित तत्काळ मृत्यूही ओढवतो. डॉबरमन व बॉक्सर या जातींत हा दोष विशेष आढळतो. अशा वेळी एका हाताने डाव्या कोपरामागे छातीचे ठोके व दुसऱ्या हाताने मांडीची नाडी एकदमच पाहावी. छातीचे ठोके अधिक व नाडीचे कमी भरले, तर काही ठोके वाया जात आहेत असे समजावे व कुत्र्यास विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. लयीचा नेमका प्रकार हृदयाच्या विद्युत-आलेखावरूनच ठरतो आणि औषध त्या प्रकाराप्रमाणे बदलते.

म्हणूनच घरातील माणसाच्या हृदयविकाराची गोळी कुत्र्यास देणे अत्यंत घातक आहे. दम्याच्या औषधाची फवाऱ्याची डबी कुत्र्याने चावून फोडली, तरी त्याचे ठोके भयंकर वाढतात. कुंपणाच्या कण्हेरीत हृदयाची लय बिघडविणारे विष असते. तिच्या फांद्या छाटून कुत्रा बांधतो तेथे टाकू नयेत.

मूर्च्छित कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. गळ्याचा पट्टा सैल करावा, भोवतालची गर्दी हटवावी. ऊन लागले असल्यास अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा. मात्र आवाज बदललेला, लाळ गाळणारा व विनाकारण चावू पाहणारा कुत्रा पिसाळलेला असू शकतो. त्याची नाडी पाहण्याच्या भरीस पडू नये. इतरांच्या बाबतीत ठोक्यांचा आकडा, वेळ आणि कुत्रा तेव्हा काय करीत होता हे लिहून ठेवावे. मोबाइलवर त्या क्षणाचे चित्रण करता आल्यास तेही दवाखान्यात दाखवावे. तेथे पोहोचेपर्यंत कुत्रा बहुधा पूर्ववत झालेला असतो.