एका पेन्सिल सेलची बॅटरी

लेखमाला : रात्रीची शेती – लेखांक ९

माजलगाव, केज किंवा गेवराईच्या बाजारात बॅटरी मागितली की दुकानदार आधी चार्जिंगची मोठी बॅटरी पुढे ठेवतो. तिचा झोत लांब जातो, बाजूला ट्यूबसारखी पट्टी असते, मागे चार्जिंगची पिन असते. ती नको म्हटलं तर तीन बारक्या सेलची, नऊ दिव्यांची बॅटरी निघते. तीही नको म्हटलं तर तो विचारतो, ‘मोबाईलला आहे की बॅटरी, वेगळी कशाला?’ या सगळ्यांत एक आकार राहूनच जातो. कोणी मागत नाही म्हणून दुकानदार तो ठेवत नाही, आणि दुकानात दिसत नाही म्हणून कोणी मागत नाही. एकाच पेन्सिल सेलवर चालणारी, बोटापेक्षा थोडी जाड, सदऱ्याच्या खिशात मावणारी बॅटरी. भिंतीवरच्या घड्याळात आपण घालतो तोच हा सेल. रात्री पाणी धरणारा शेतकरी आणि फडावरचा ऊसतोड मजूर, या दोघांना याच्याइतका नेमका आकार दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे.

कृषिपंपांना थ्री फेज लाईट पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हे या लेखमालेत आधी येऊन गेलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. जिथे सौर फीडरवरून दिवसाची वीज मिळू लागली तिथला रात्रीचा फेरा सुटला. जिथे नाही, तिथे माणूस अजूनही लाईट येण्याची वाट बघत जागा राहतो आणि अंधारात मोटर चालू करायला निघतो.

त्याला उजेड कशाकशासाठी लागतो ते एकदा नीट बघू. बांधावरून चालताना पायाखाली काय आहे ते दिसायला हवं. स्टार्टरची पेटी उघडून तिन्ही फेज आहेत का ते बघायचं. एका हातात खोरं धरून दारं मोडायची, सरी भरली की दुसरं दार धरायचं. मधूनमधून पाणी सरीच्या टोकाला पोचलं का, ते बघायचं. यातलं शेवटचं काम सोडलं तर बाकी सगळं दहा पावलांच्या आतलं आहे. सापाचंही तेच. मण्यार रात्रीच फिरते. घोणस गवताच्या कडेला, पाचटात वेटोळं करून पडून राहते आणि पावलांच्या आवाजाने हलतेच असं नाही. बालाघाटाच्या खडकाळ बाजूला फुरसं असतं, ते तर एवढं लहान की दगडाच्या रंगात मिसळून जातं. यातला एकही साप दोनशे मीटर लांब झोत टाकून सापडणार नाही. पुढचं पाऊल पडणार ती जागा सारख्या, पसरट उजेडात दिसली, की काम झालं.

बाजारात मात्र बॅटरी विकली जाते ती झोताच्या लांबीवर. खोक्यावर ‘५०० मीटर’ छापलेलं असतं. हा आकडा कसा येतो ते माहीत असायला हवं. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे साधारण पाव लक्स उजेड जिथे उरतो, तिथपर्यंतचं अंतर म्हणजे झोताची लांबी, असा मोजणीचा संकेत आहे. तेवढ्या अंधुक उजेडात तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं. कोल्हा आहे की शेळी, ते कळत नाही. शिवाय अंतर दुप्पट करायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. म्हणजे लांबीच्या हौसेपोटी सेल मोठा होतो, आरसा मोठा होतो, वजन वाढतं, आणि तो सगळा उजेड जवळच्या ओल्या मातीवर टाकला की डोळे दिपतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा दिपले की झोताबाहेरचा बांध, विहिरीचा काठ, उघडी चारी, सगळं काळं होतं. पायापुढच्या कामाला वीस-पंचवीस लुमेन पुष्कळ होतात.

आता बॅटऱ्यांचे आकार असे का ठरले ते बघू. आपल्या आजोबांच्या हातातली दोन मोठ्या सेलची धातूची बॅटरी आठवा. एव्हरेडीची असेल, नाहीतर अलाहाबादच्या जीपची. तिचा प्रत्येक सेल ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटर लांब. एवढा मोठा सेल लागायचा तो बल्बमुळे. तारेचा बल्ब जवळपास अडीच व्होल्टचा, म्हणून दीड-दीड व्होल्टचे निदान दोन सेल. तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट खायचा, म्हणून सेल जाड. एवढं करून हाती यायचे दहा-पंधरा लुमेन, कारण बहुतेक वीज तार तापवण्यातच जायची. सेल उतरत चालला की उजेड पिवळा, मग तांबडा व्हायचा. त्या दहा-पंधरा लुमेनवर गावंच्या गावं रात्री पाणी धरत आली, हेही विसरायचं कारण नाही.

निळा एलईडी जपानी शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साधला. त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा उजेड मिळाला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीसाठी मिळालं. पांढरा एलईडी एका वॅटमध्ये सहज शंभर लुमेन देतो. अडचण एकच, त्याला तीन व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि पेन्सिल सेल देतो दीड.

त्यावर दोन उपाय निघाले. स्वस्त उपाय म्हणजे तीन सेल एकापुढे एक जोडून साडेचार व्होल्ट करायचे आणि जास्तीचा दाब एका रेझिस्टरमध्ये जाळायचा. तीन बारक्या सेलची ती नऊ दिव्यांची बॅटरी अशी जन्मली. पहिली काही मिनिटं ती झगझगीत दिसते, मग उजेड सतत उतरत जातो. तिन्ही सेल एकाच दमाचे असावे लागतात. एक जुना आणि दोन नवे घातले तर जुना आधी रिकामा होतो, बाकीचे दोघे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात आणि तो गळतो. रात्री शेतात सेल बदलायची वेळ आली तर तीन सेलचा तो प्लॅस्टिकचा पिंजरा चिखलात पडतो आणि कुठला सेल कुठल्या बाजूने घालायचा, ते चाचपडत बसावं लागतं.

दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा आहे. एकच सेल घ्यायचा आणि त्याचा दाब एका छोट्या सर्किटने वाढवायचा. सेलचा करंट तांब्याच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉईलमधून सोडतात. तेवढ्यात कॉईलभोवती चुंबकीय क्षेत्र साठतं. मग करंट एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळतं आणि कॉईल जास्त दाबाने वीज पुढे ढकलते. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं, आपल्याला दिसतो तो स्थिर उजेड. घड्याळाने टाकून दिलेला, एक व्होल्टवर आलेला सेलही असं सर्किट आणखी थोडा वेळ वापरून घेतं. बोटाएवढ्या बॅटरीचा हा सगळा जीव तांदळाच्या दाण्याएवढ्या सुट्या भागांत आहे. म्हणून ती थोडी महाग पडते, आणि म्हणूनच आपल्या बाजारात मागे राहिली.

हिशेब करून बघा. चांगला रिचार्जेबल पेन्सिल सेल २००० मिलिअँपिअर-तास आणि १.२ व्होल्टचा, म्हणजे जवळपास २.४ वॅट-तास. सर्किटमधली आणि काचेतली घट धरून पंचवीस लुमेनला साधारण ०.४ वॅट लागतो. म्हणजे सहा तासांच्या आसपास सलग उजेड. पाण्याच्या रात्रीत कोणी सहा तास बॅटरी चालू ठेवत नाही. दार मोडताना लावतो, बांधावर टेकला की विझवतो. दोन-तीन रात्री आरामात निघतात. अल्कलाईन सेलचंही गणित जवळपास हेच. साधा स्वस्त सेल मात्र इथे कमी पडतो. घड्याळाला थेंबथेंब करंट लागतो, तो त्याला झेपतो. बॅटरीने जोरात ओढलं की तो तास-दीड तासातच दमतो. वेळेला तोही चालतो आणि कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, पण रोजच्यासाठी नको.

या आकाराचं मोल सगळ्यात जास्त कुठे कळतं, तर फडावर. दरवर्षी बीड जिल्ह्यातून लाखोंनी माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, पार कर्नाटकापर्यंत. दसरा-दिवाळीनंतर जो संसार गाडीत भरला जातो तो उन्हाळ्याच्या तोंडालाच परत येतो. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. तिथे बहुतेक ठिकाणी लाईट नसते. मोबाईल चार्ज करायचा तर गावात जाऊन कुणाच्या तरी दुकानात ठेवावा लागतो. चार्जिंगच्या मोठ्या बॅटरीचे तिथे हालच होतात. स्वस्त मॉडेलमध्ये आत शिशाची बॅटरी असते, आणि शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो. मग ती चार्ज घेत नाही. घरी ठेवून गेलेली बॅटरी हंगामानंतर मेलेली सापडते ती यामुळे. पेन्सिल सेलचं तसं नाही. ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल, त्या गावच्या दुकानात तो असतोच.

फडावर उजेडाची वाटणी कशी होते तेही बघा. कोपीत बॅटरी असते एक. रात्री मुकादमाची हाक आली, गाडी भरायला चला, की ती बॅटरी भरायला गेलेल्याकडे जाते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तिला बॅटरी धरताच येत नाही, ट्रॅक्टरच्या दिव्याचा जेवढा उजेड पाठीवर पडेल तेवढाच. मागे कोपीत लेकरं असतात, कधी म्हातारी, कधी बाळंतीण. त्यांच्याकडे काहीच नसतं. बाईला अंधारात बाहेर जायचं तर मोबाईल मागावा लागतो, आणि मोबाईल नवऱ्याबरोबर गेलेला असतो. मोठी, महागाची वस्तू घरात एकच असते आणि ती कर्त्या पुरुषाकडे राहते. बॅटरी एका सेलची असेल तर प्रत्येकीकडे आपली आपली असू शकते. कमरेच्या पिशवीत राहते, पट्ट्यात अडकवून कपाळाला बांधता येते, हात मोकळे राहतात. उचल देताना कोयत्यामागे एकेक अशी बॅटरी आणि चार रिचार्जेबल सेल द्यावेत, असं मी मुकादमांना आणि कारखान्यांच्या शेतकी खात्यांना मनापासून सुचवतो. एका हंगामाच्या व्यवहारात हा खर्च कुठे दिसणारही नाही.

मोबाईलच्या बॅटरीबद्दल माझा आक्षेप उजेडाचा नाही, उजेड तिचा बरा असतो. पण साप चावला, कुणी विहिरीत घसरलं, स्टार्टरला चिकटलं, तर त्या क्षणी हातातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे चार्ज असलेला फोन. १०८ ला फोन लावायचा, रुग्णवाहिकेला वाट सांगायची, आणि त्याच वेळी त्याच फोनचा उजेड जखमेवर धरायचा, हे एकत्र होत नाही. रात्रभर दिवा म्हणून वापरलेला फोन पहाटे बंद पडलेला असतो. उजेडाचं काम दुसऱ्या वस्तूकडे द्या आणि फोन राखून ठेवा.

लांबचं बघायला ही बॅटरी पुरत नाही, हे मान्यच करायला हवं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले. तेव्हा शेतात जाणाऱ्याला उसाच्या कडेपर्यंत झोत टाकावासा वाटला तर त्यात गैर काय? त्या भागात रात्री एकट्याने जाऊच नये, बोलत, आवाज करत, दोघातिघांनी जावं आणि एक मोठी बॅटरी सोबत असावी. पण ती असतानाही प्रत्येकाच्या खिशात आपली लहान बॅटरी हवीच. मोठी ज्याच्या हातात आहे तो पुढे चालतो, आणि साप मागच्याच्याही पायाखाली येऊ शकतो.

घेताना काही गोष्टी तपासा. दोन पातळ्यांचा उजेड हवा, आणि बटन दाबल्यावर आधी कमी उजेड लागला तर उत्तम. अंग प्लॅस्टिकचं किंवा रबर चढवलेलं असावं. ॲल्युमिनियमची बॅटरी टिकाऊ खरी, पण ओल्या अंगाने, ती दातात धरून उघड्या स्टार्टरवर वाकणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. सेलवरची खूणही वाचा. नुसतं आर६ म्हणजे साधा, एलआर६ म्हणजे अल्कलाईन, एचआर६ म्हणजे रिचार्जेबल. अगदी याच मापाचा लिथियमचा सेलही मिळतो, त्यावर १४५०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब. त्याचा दाब ३.७ व्होल्ट. बॅटरीवर तशी परवानगी स्पष्ट छापलेली नसेल तर तो घालू नका, सर्किट जळेल.

साधा सेल रिकामा झाल्यावर आत ठेवू नका. त्याचं जस्ताचं भांडं हाच त्याचा एक ध्रुव असतो. वीज देता देता ते आतून झिजतं, भोक पडतं आणि आतला ओलावा स्प्रिंगवर उतरतो. अल्कलाईनमधून पांढरी पूड येते. ती क्षाराची असते, डोळ्याला लागू द्यायची नाही. लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापडाने पुसून, पाण्याचा हात फिरवून पूर्ण कोरडं करायचं. हंगाम संपला की सेल काढून वेगळे ठेवा. रिचार्जेबल सेल निदान दोन असावेत, एक वापरात, एक चार्जरवर, आणि त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्यावर पेनाने खूण करून ठेवावी.

पुढच्या लेखांकात स्टार्टरच्या पेटीकडे वळू : ऑटो स्विच कसा चालतो, आणि लाईट परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होते तेव्हा विहिरीत उतरलेल्या माणसाला कोणता धोका असतो.