बोलायचं वर्गात, ऐकायचं खोलीवर

चीनमधल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची देशव्यापी परीक्षा १९८७ साली सुरू झाली. तिचंही नाव सीईटीच. आपल्या सीईटीशी नातं मात्र काही नाही. त्या परीक्षेसाठी शब्द हजारोंनी पाठ, व्याकरण चोख, पण समोर परदेशी पाहुणा आला की मुलांची दातखीळ बसायची. ‘मुकी इंग्रजी’ हे नाव तिथल्याच लोकांनी ठेवलेलं.

असं का, याचा हिशेब सोपा आहे. साठ मुलांचा वर्ग, पन्नास मिनिटांचा तास. सरांनी चकार शब्द काढला नाही, तरी एकेकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही.

२००४ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने कॉलेजच्या इंग्रजीचा नवा आराखडा प्रायोगिक म्हणून आणला, २००७ मध्ये पक्का केला. ऐकण्या-बोलण्यावर भर आणि संगणकाची वर्गाशी सांगड, हे त्याचं सूत्र. संवाद पुन्हा पुन्हा ऐकणं, उच्चार घोटणं, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून तपासणं हे ज्याचं त्याने आपल्या सवडीने करायचं. मुलाखत, गटचर्चा, वाद घालणं यासाठी वर्ग मोकळा. यालाच ब्लेंडेड लर्निंग म्हणतात.

वर्ग मोकळा करणं का महत्त्वाचं, याचं उत्तर कॅनडात सापडतं. तिथे इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकत होती. त्यांना समजायचं उत्तम, बोलणं मात्र चुकांनी भरलेलं. नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः बोलावं लागतं, तेव्हाच आपलं कुठे अडतं ते कळतं, अशी मांडणी भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये केली. व्हिडिओ कितीही देखणा असो, तो निम्मंच काम करतो.

चीनचं घोडं अडलं ते परीक्षेपाशी. सीईटीच्या लेखी परीक्षेत ऐकण्याचे गुण २० टक्क्यांवरून ३५ वर गेले; बोलण्याची परीक्षा १९९९ पासून आहे, पण वेगळी आणि ऐच्छिक. ज्याला गुण नाहीत त्यासाठी मुलं कशाला घाम गाळतील?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ब्लेंडेड लर्निंगवरच्या २०२१ च्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवण्याची कल्पना आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकून ती पुरी होणार नाही. प्राध्यापकांनी व्याख्यान खुशाल रेकॉर्ड करून द्यावं. पण वाचलेल्या तासात वर्गाचे लहान गट पाडून प्रत्येकाला बोलतं करावं. आणि विद्यापीठांनी त्या बोलण्याला गुण ठेवावेत.