नाखवा कोण? सागरी सहलीतील काही शब्द व त्यांचे अर्थ

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणारी होडी आणि त्याच किनाऱ्यावर एखाद्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळाने स्वतःपुरती भाड्याने घेतलेली होडी, या दोहोंत वरवर पाहता फारसा भेद दिसत नाही. दोन्हींचा बांधा जवळजवळ सारखाच असतो, दोन्ही चालविणारे एकाच वाड्यातले असू शकतात, आणि दोन्हींतून दिसणारा समुद्रही तोच असतो. तथापि भाषेच्या अभ्यासकाला या दोन प्रवासांत एक महत्त्वाचे अंतर आढळते. किल्ल्याकडे जाणाऱ्या सार्वजनिक होडीत कोठे बसावे, केव्हा उठावे, कोणत्या बाजूस झुकू नये हे होडीवाला सांगतो आणि प्रवासी ऐकतात. खासगी सहलीत मात्र कोठे थांबावे, पोहण्यासाठी केव्हा पाण्यात उतरावे, खाणेपिणे केव्हा उघडावे हे भाडे देणारा सांगतो आणि होडीवाला ऐकतो. पहिल्या होडीत आज्ञार्थी क्रियापदे एका मुखातून निघतात, दुसरीत ती दुसऱ्या मुखातून निघतात. या बदलाचा परिणाम केवळ शिष्टाचारापुरता राहत नाही. प्रसंगी तो जीवितापर्यंत पोहोचतो. तो कसा, हे काही नेहमीच्या शब्दांच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोकणच्या किनाऱ्यावरील नौकाविषयक शब्दसंग्रह अनेक थरांचा बनलेला आहे. ‘नाव’ हा शब्द संस्कृत ‘नौ’ या शब्दाशी निगडित असून ग्रीक ‘नाउस्’ व लॅटिन ‘नाविस्’ ही त्याचीच दूरची भावंडे होत. ‘तारू’ व ‘तर’ हे शब्द ‘तृ’ धातूच्या, म्हणजे तरून जाण्याच्या, कल्पनेवर उभे आहेत. यावर अरबी-फारसीचा मोठा थर बसला. ‘बंदर’ व ‘दर्या’ फारसीतून आले, ‘खलाशी’ व ‘सुकाणू’ यांचे मूळ अरबीत आहे. अरबी ‘मौसिम’ हा शब्द तर मोठा प्रवास करून आलेला आहे. आपल्याकडे तो ‘मोसम’ झाला, पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे जाऊन ‘मान्सून’ झाला, आणि त्या रूपाने पुन्हा मराठीत परतला. सगळ्यांत वरचा थर इंग्रजीचा आहे : बोट, जेटी, लाइफ जॅकेट, स्कूबा, स्नॉर्कलिंग. पर्यटनाचा व्यवहार बहुतांशी या वरच्या थरातच चालतो. समुद्राच्या स्वभावाविषयीचे ज्ञान मात्र खालच्या थरांत साठलेले आहे.

या खालच्या थरातील काही शब्द प्रमाण मराठीतही रोज वापरले जातात, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. जो शब्द अजिबात कळत नाही त्याचा अर्थ माणूस विचारतो. जो कळल्यासारखा वाटतो त्याचा विचारीत नाही.

‘भांग’ हा शब्द घ्यावा. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची आकर्षणे एकाच रेषेत येऊन भरती मोठी व ओहोटीही मोठी होते. तिला ‘उधाण’ म्हणतात. दोन्ही पक्षांतील अष्टमीच्या सुमारास ती आकर्षणे परस्परांना छेद देतात आणि पाण्याची चढउतार कमी होते. त्यास ‘भांग’ म्हणतात. आता सहलीला निघालेल्या मंडळींना होडीवाल्याने ‘आज भांग आहे’ असे सांगितले, तर त्यांपैकी कित्येकांच्या चेहऱ्यावर हसू उमटेल यात शंका नाही. केसांचा भांग आणि प्यावयाची भांग हे दोनच अर्थ शहरी बोलीत शिल्लक आहेत. येथे व्याकरणाचे साहाय्यही अपुरे पडते. प्यावयाची भांग स्त्रीलिंगी असल्याने तिचे सामान्यरूप ‘भांगे-’ असे होते, तर समुद्राचा भांग पुल्लिंगी असल्याने ‘भांगाची भरती’ असे म्हटले जाते. विभक्तिप्रत्यय लागला की अर्थ वेगळे होतात. परंतु ‘आज भांग आहे’ या वाक्यात प्रत्ययही नाही आणि क्रियापदाला लिंगही नाही. त्यामुळे वक्त्याने दिलेली उपयुक्त माहिती श्रोत्याच्या कानी विनोद म्हणून पडते.

‘उधाण’ या शब्दाची गत याहून निराळी आहे. तो शब्द शहरात जिवंत आहे, पण केवळ लक्षणेने. उत्साहाला, आनंदाला, चर्चेला उधाण येते, आणि यांतील बहुतेक प्रयोगांत शब्दाची छटा उल्लासाची असते. होडीवाल्याच्या ‘उधाण आहे’ या वाक्यात उल्लास नसतो. पाणी अधिक उंच चढेल, अधिक खाली उतरेल आणि म्हणून तितक्याच वेळात अधिक पाणी खाडीच्या मुखातून आतबाहेर धावेल, एवढा सगळा हिशेब त्या दोन शब्दांत असतो.

तिसरा शब्द ‘ओढ’. मराठी वाचकाला घराची ओढ, माहेराची ओढ, विठ्ठलभेटीची ओढ परिचित आहे. मालवणी बोलणारा होडीवाला ‘पाण्याक ओढ आसा’ असे म्हणतो, तेव्हा तो पाण्याखालून वाहणाऱ्या प्रवाहाविषयी बोलत असतो. पृष्ठभाग काचेसारखा स्वच्छ असतानाही ही ओढ असू शकते. ज्याच्या मनात ‘धोकादायक समुद्र’ म्हणजे ‘उसळणाऱ्या लाटा’ हे समीकरण पक्के आहे, त्याला हे वाक्य सूचना म्हणून जाणवतच नाही.

‘ठाव’ व ‘वाव’ यांचेही तसेच. पाय तळाला टेकले म्हणजे ठाव लागला. शहरात आता मनाचा ठाव घेतला जातो. ‘वाव’ हे दोन्ही हात पसरून होणारे, संस्कृतातील ‘व्याम’ या मापाशी जुळणारे, खोली मोजण्याचे माप होय. ते साधारण सहा फुटांच्या आसपास भरते. ‘येथे तीन वाव पाणी आहे’ हे विधान आज पुष्कळांना अर्थहीन वाटेल, कारण त्यांच्या भाषेत वाव असतो तो सुधारणेला किंवा शंकेला.

या सर्व उदाहरणांतून एकच प्रक्रिया दिसून येते. समुद्रापासून दूर गेलेल्या समाजात वाच्यार्थ गळून पडला आणि लक्ष्यार्थ तेवढा टिकला. भाषेच्या इतिहासात हे नित्याचेच आहे व त्यात खेद करण्यासारखे काही नाही. परंतु लक्ष्यार्थ जाणणारा माणूस वाच्यार्थाच्या प्रदेशात, म्हणजे प्रत्यक्ष पाण्यात, उतरतो तेव्हा हा अर्थभेद केवळ कोशकाराचा विषय राहत नाही.

देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणाचा विचार केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या पट्ट्यावर सहलीच्या होड्या थांबतात. पाणी उथळ, वाळू मऊ आणि सभोवार माडांच्या रांगा असल्याने पोहण्यास याहून सोयीची जागा नाही असे कोणासही वाटेल. मात्र मालवणच्या बाजूस उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर सुमारे दोन मीटर असते, आणि तेवढे पाणी सुमारे सहा तासांत याच अरुंद मुखातून बाहेर जावयाचे असते. ओहोटीच्या मध्यास त्याचा वेग साधारणतः सर्वाधिक असतो. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळूही तो हलवितो, आणि त्याची दिशा समुद्राकडे असते. ‘ओढ’ या शब्दाचा वाच्यार्थ तो हाच.

या ओढीचा काळ ओळखण्याची एक रीत किनाऱ्यावर परंपरेने चालत आली आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पंचमीस पाचाची पाऊणपट पावणेचार, अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सरासरी पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे या गणिताचे मर्म होय. स्थलपरत्वे त्यात फरक पडतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकेच पाहावीत. परंतु पंचांगातील तिथी व समुद्राचे पाणी यांचा संबंध ज्याच्या भाषेत जिवंत आहे, त्याला दिवसाचे पोहण्याजोगे तास कोणते याचा अंदाज घरीच येतो. सकाळी जमिनीवरून वाहणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा हे दोन शब्द जाणणाऱ्यास सहल सकाळी का करावी हेही निराळे सांगावे लागत नाही.

आता खाण्यापिण्याकडे वळावयास हरकत नाही. ‘बोट लागणे’ हा मराठी वाक्प्रचार या दृष्टीने विचारार्ह आहे. मुंबई व कोकण यांच्या दरम्यान आगबोटी चालत असत त्या काळात ‘बोट’ या शब्दाला ‘आगबोट’ हा विशिष्ट अर्थ प्राप्त झाला, आणि तिच्या हेलकाव्यांनी होणाऱ्या मळमळीला ‘बोट लागणे’ म्हणू लागले. पुढे याच धर्तीवर ‘गाडी लागणे’ हा प्रयोग रूढ झाला. ग्रीकांनी ‘नाउस्’ या नौकावाचक शब्दापासूनच मळमळीचा शब्द बनविला, आणि तोच इंग्रजी वैद्यकात ‘नॉशिया’ या रूपाने नांदत आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन समाजांनी एकाच अनुभवाला एकाच वाटेने नाव दिले, हे अर्थविचाराचे सुंदर उदाहरण होय.

मद्यासंबंधी मात्र भाषेने आडपडदा पसंत केला आहे. ‘घेणे’ हे निरुपद्रवी क्रियापद कर्माशिवाय वापरले की मद्यपानाचा बोध होतो, आणि ‘ड्रिंक्स’ या शब्दाने तर शहाळे व मद्य यांना एकाच पंक्तीत बसविले आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये मद्यसेवनास परवाना लागतो ही गोष्ट सहलीच्या भरात विसरली जाते. पण शरीराचे नियम विसरून चालत नाहीत. मद्याने कानातील तोल राखणाऱ्या यंत्रणेत बिघाड होतो, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून पाण्यात शरीराची उष्णता लवकर जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे आपण पोहून परत येऊ की नाही याचा अंदाज चुकतो. घेऊन पोहण्यापेक्षा पोहून, किनाऱ्यावर परत येऊन, मग जे काय ते घ्यावे, असाच क्रम सयुक्तिक ठरतो. होडीवर कोकम सरबत व शहाळे यांनी काम भागते.

परंतु हे सर्व सांगावयाचे कोणी? येथे लेखाच्या आरंभी उपस्थित केलेला प्रश्न पुन्हा येतो. इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी असे दाखवून दिले, की वाक्याचे रूप एक आणि त्याने घडणारी कृती दुसरी असू शकते. ‘पाण्याक ओढ आसा’ हे वाक्य रूपाने वर्णनात्मक आहे. कृतीने तो निषेध आहे : पाण्यात उतरू नका. दुसऱ्या होडीवाल्याला हा निषेध तत्काळ कळतो. भाडे दिलेल्या पाहुण्याला तो हवापाण्याविषयीचा एक शेरा वाटतो, आणि ‘काही हरकत नाही, पाचच मिनिटे’ असे उत्तर येते. पाहुणा होडीवाल्यास ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणतो, होडीवाला त्यास ‘साहेब’ म्हणतो. नात्याचा शब्द जिव्हाळा देतो, अधिकार देत नाही. ‘साहेब’ या शब्दाकडे मात्र दोन्ही जातात. ज्याला ‘साहेब’ म्हणावयाचे त्याला ‘उतरू नका’ असे म्हणणे, तेही दिवसाची मिळकत त्याच्याच हाती असताना, सोपे नाही. म्हणून होडीवाला सूचनेचा मार्ग धरतो. सूचना दोघांना समान असलेल्या संकेतांवर अवलंबून असते, आणि संकेत तर वर दाखविल्याप्रमाणे तुटलेले आहेत.

समुद्रावरील अपघातांची कारणे अनेक व गुंतागुंतीची असतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका बुडून दोघे मृत्युमुखी पडले. अशा घटनांचा उलगडा शब्दार्थांनी होतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु अपघात टाळण्याची पहिली संधी पुष्कळदा एखाद्या वाक्याच्या रूपानेच समोर येते, आणि ते वाक्य समजले नाही तर ती संधी जाते, एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

यावरील उपाय फार मोठे नाहीत. धक्क्यावरील फलकांवर केवळ ‘सुरक्षित राहा’ असे न लिहिता ‘ओढ म्हणजे पाण्याखालचा प्रवाह, ओढ असताना पाण्यात उतरू नये’ असे लिहिता येईल. पोहणाऱ्याने प्रथम प्रवाहाच्या उलट दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर प्रवाहच होडीकडे आणील. माणसे पाण्यात असताना यंत्र बंद असावे. ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंज न देता किनाऱ्याला समांतर सरकावे : हे तीन नियम साध्या आज्ञार्थात, होडी सुटण्यापूर्वी, होडीवाल्याच्याच तोंडून सांगितले जावेत. भाषाभ्यासकांच्या वाट्यास येणारे काम याहून थोडे निराळे आहे. किनाऱ्यावरील वृद्ध तांडेलांच्या बोलीतील वारा, पाणी, तळ व तिथी यांचे शब्द त्यांच्या वाक्यांसह, आणि ती वाक्ये कोण कोणास केव्हा बोलतो या माहितीसह, नोंदवून ठेवले पाहिजेत. नुसत्या शब्दयादीत ‘ओढ : प्रवाह’ अशी नोंद होईल, त्या शब्दातला निषेध यादीत उतरणार नाही.

‘नाखवा’ हा शब्द फारसी ‘नाखुदा’ याचे मराठी रूप आहे. ‘नाव’ आणि ‘खुदा’, म्हणजे नावेचा धनी, अशी त्याची फोड होते. धनी तो, ज्याचा शब्द नावेवर अखेरचा. भाडे देणाऱ्याने दिवसभरासाठी होडी घेतली, तरी तिच्याबरोबर हे पद त्याच्याकडे येत नाही. सहलीला निघणाऱ्यांनी धक्क्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी ही एक व्युत्पत्ती ध्यानात ठेवली आणि पहिल्याच भेटीत ‘येथे तुमचा शब्द अखेरचा’ असे होडीवाल्यास सांगून टाकले, तर ‘उतरू नका’ म्हणणे त्याला पुष्कळ सोपे जाईल.